आई, हिमगव्हर आणि पाण्याची बाटली

माझी आई मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदीचा धडा आला की ती रंगीत खडूंचा डबा घेऊन वर्गात यायची. तपकिरी खडूनं डोंगर, निळ्या खडूनं बर्फ आणि डोंगराच्या माथ्याजवळ आरामखुर्चीसारखा एक खळगा. हिमनदीनं घासून घासून कोरलेला हा खळगा म्हणजे हिमगव्हर, असं ती सांगायची आणि खुर्चीच्या जागी एक छोटंसं तळं काढायची. मी तिच्याच वर्गात असल्यामुळे शाळेत मलाही तिला 'बाई' म्हणावं लागे. ती आकृती मला आजही झोपेत काढता येईल. बाईंनी मात्र प्रत्यक्षात पाहिलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे रसवंतीगृहातली गोणपाटात गुंडाळलेली लादी.

आई निवृत्त झाली, पुढे बाबा गेले, आणि ती उन्हाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीला, पार्सिपनीला येऊ लागली. पहिल्या खेपेला आम्ही तिला उंच इमारती दाखवल्या, दुसऱ्या खेपेला धबधबा. तिनं दोन्ही बघून "छान आहे हो" असं म्हटलं. एखाद्या मुलानं बरा निबंध लिहिला की ती याच सुरात म्हणायची. तिसऱ्या खेपेचं तिकीट काढायच्या आधीच तिनं फोनवर सांगून टाकलं, "हे बघ, डॉक्टर म्हणालेत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षा-दोन वर्षांत करावं लागेल. तोवर तो माझं ऐकतोय. यंदा मला हिमगव्हर दाखव. फळ्यावर इतकी वर्षं काढलं, एकदा डोळ्यांनी बघू दे."

याआधी आईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी कामालाच लागले.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी एका कंपनीत रिलीज मॅनेजर आहे. म्हणजे नवं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात पडायच्या आधी त्यात काय काय बिघडू शकेल याची काळजी करण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते. कोलोरॅडोमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या कुशीत, थेट हिमगव्हरात बसलेलं एक तळं मी शोधून काढलं. वाट जाऊन-येऊन दिवसभराची, पण सरळ चढणीची नव्हे. अडसष्ट वर्षांच्या बाईंना हळूहळू जमेल अशी. आत जायची वेळ आधी बुक करावी लागते, ती मी केली. आमच्या गावात समुद्रसपाटीची हवा, तिथे ती विरळ, म्हणून पायथ्याच्या गावात दोन दिवस नुसतं हिंडून-फिरून राहायचं ठरवलं. मिरजेच्या डॉक्टरांशी बोलले, इथल्या डॉक्टरांशी बोलले. मोबाइलला रेंज नसते म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतला, वर कागदावरही छापला. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं की अमुक वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर उद्यानाच्या ऑफिसला कळवा. काकू इतक्या घाबरल्या की त्यांनी आमच्यासाठी देवापाशी दिवाच लावला.

"यार, एव्हरेस्टला जाणारे पण एवढं करत नसतील," माझा नवरा म्हणाला. तो नागपूरचा. त्याच्या मते कुठल्याही प्रवासाची तयारी म्हणजे डब्यात काय न्यायचं हे ठरवणं, आणि तेवढं एकदा ठरलं की बाकीचं आपोआप होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या डायनिंग टेबलावर मी रीतसर मीटिंग घेतली. नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि आई. ऑफिसात असते तशीच, गो की नो-गो, म्हणजे पुढे जायचं की थांबायचं. मी तीन नियम सांगितले. पहिला, बारा वाजता आपण जिथे असू तिथून परत फिरायचं, मग तळं चार पावलांवर का असेना. त्या डोंगरांत उन्हाळ्यात दुपारनंतर विजा पडतात आणि झाडांच्या वर गेलं की सगळ्यांत उंच वस्तू आपणच. दुसरा, कुणाचंही डोकं दुखलं किंवा मळमळलं, तर एक पाऊलही वर टाकायचं नाही. तिसरा, सतत थोडं थोडं पाणी पीत राहायचं. उंचीवर तहान लागल्याचं कळत नाही आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

"अँड इफ आय डोन्ट फॉलो?" मुलीनं विचारलं.

"मग तुझं रोलबॅक करीन, होतीस तिथे परत," मी म्हटलं.

आई प्रत्येक नियमाला मान हलवत होती. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा ती अशीच मान हलवायची. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ज्या विद्यार्थ्यावर बाईंचा पूर्ण विश्वास असतो त्याची वही त्या तपासत नाहीत, तसं माझं झालं. सरावाला आम्ही महिनाभर घराजवळच्या तळ्याभोवती आणि टेकड्यांवर चालायला जायचो, तेव्हाही तिची बाटली भरलेली परत यायची. "तहानच लागली नाही गं, केवढी गार हवा आहे इथे," असं ती म्हणायची, आणि ते खरंच वाटायचं.

भांडण झालं ते फक्त चादरीवरून. आईला बसायला चादर न्यायची होती. आपल्याकडे बागेत जा, स्टेशनवर जा, नाहीतर नातेवाइकांच्या लग्नाला जा, पिशवीच्या तळाशी एक जुनी चादर असतेच. मी म्हटलं, दगडावर बसू, उगाच ओझं नको. आईनं चादर बाजूला ठेवली. ती जावयानं गुपचूप त्याच्या सॅकमध्ये कोंबली हे मला कोलोरॅडोत कळलं.

आम्ही उजाडता उजाडता वाटेच्या तोंडाशी पोचलो. हवा गार आणि इतकी स्वच्छ होती की समोरचा डोंगर हात लांबवला तर लागेल असं वाटावं. तिथे एक लाकडी खोपट्यासारखं टॉयलेट होतं. कोरडं. नळ नाही, पाणी नाही, खाली नुसता खड्डा. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की यापुढे वाटेत कुठेही सोय नाही. आईनं ती पाटी नीट वाचली, दार उघडून आत पाहिलं, हळूच लोटून घेतलं आणि म्हणाली, "चला, निघू या."

"जाऊन आलीस का?" मी विचारलं.

"हो हो, झालं," ती म्हणाली.

पहिला दीड-दोन तासांचा चढ म्हणजे चालता-बोलता भूगोलाचा तास होता. वाटेत मेंढी बसल्यासारखा एक गुळगुळीत खडक आला, तर आईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "मेषशिला. बघ, या बाजूनं गुळगुळीत, त्या बाजूनं खडबडीत. बर्फ इकडून तिकडे गेला." पलीकडच्या कड्यावरून एक धबधबा मध्येच कुठूनतरी उडी मारत होता, तर म्हणे, "ही लोंबती दरी. परीक्षेला हमखास येते." आजीचं इंग्रजी आणि नातीचं मराठी दोन्ही लंगडं, तरी दोघींचं छान चाललं होतं. "आजी, यू आर लाइक अ किड इन अ कँडी स्टोअर," मुलगी म्हणाली. त्यावर आई म्हणाली, "गोळ्या आहेत माझ्याकडे, देऊ?" आणि पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या.

मग तिचं बोलणं कमी झालं. चालही मंदावली. झाडं विरळ व्हायला लागली होती, म्हणजे ती संपायची रेषा जवळ आली होती. आईनं दोनदा कपाळावरून हात फिरवला.

"डोकं दुखतंय?"

"काही नाही गं. जरा ऊन लागलं असेल."

"आई, खरं सांग."

"थोडंसं," ती म्हणाली.

नियम दुसरा. मीच केलेला, मीच टेबलावर ठणकावून सांगितलेला. मी तिला एका आडव्या पडलेल्या खोडावर बसवलं. चेहरा ओढलेला होता, ओठ सुकलेले. उंचीचा त्रास म्हणजे चेष्टा नव्हे, हे मी वाचून वाचून पाठ केलं होतं. समोर झाडांच्या फटीतून त्या डोंगराचा माथा दिसत होता आणि त्याच्या पोटात कुठेतरी ते तळं होतं. मला रडू येत होतं. माझ्या आईनं आयुष्यात एकदा काही मागितलं होतं.

"आई, खाली जाऊ या," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली. हुज्जत नाही, विनवणी नाही. आयुष्यभर इतरांना नियम पाळायला लावलेली बाई ती, स्वतःसाठी सवलत कुठून मागणार. ती डोंगराकडे एकदा बघून बुटांच्या नाड्या घट्ट करू लागली. त्या 'बरं'चं मला फार वाईट वाटलं.

आजीचं ओझं आपण घ्यावं म्हणून मुलीनं तिची सॅक उचलली. "व्हाय इज दिस सो हेवी?" असं म्हणत तिनं चेन उघडली आणि दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या. काठोकाठ भरलेल्या. एक घोटही कमी झालेला नव्हता. "आजी, यू डिडन्ट ड्रिंक एनिथिंग?"

आम्ही तिघंही आईकडे बघत राहिलो. आई चोरी पकडलेल्या मुलीसारखी खाली बघत होती. मग तिनं जावयाकडे एक नजर टाकली. तो बिचारा समजूतदार, फोटो काढायच्या निमित्तानं लांब गेला.

"आई, सकाळपासून काही प्यायली नाहीस?"

"चहा घेतला ना अर्धा कप."

"पण का?"

"अगं, इथे जायचं कुठे?" आई हळू आवाजात म्हणाली. "पाटी वाचली नाहीस का? पुढे सोय नाही म्हणून लिहिलंय. आणि त्या तिथल्यात तर पाणीसुद्धा नव्हतं. मग कशाला प्यायचं आणि पंचाईत करून घ्यायची? मला सवय आहे. मी दिवसभर राहू शकते."

ती हे अभिमानानं म्हणाली, आणि मला एकदम आमच्या मिरजेच्या घरातला माठ आठवला. आई शाळेतून यायची ती पर्स खांद्यावरच ठेवून थेट माठापाशी जायची आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायची. मला वाटायचं, उन्हातून आली म्हणून. आता कळलं की त्या शाळेत शिक्षिकांसाठी धड सोय नव्हती, म्हणून ती घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत पाण्याला शिवतच नव्हती. एसटीच्या प्रवासात तसंच, लग्नाकार्यांत तसंच. तिच्या सगळ्या मैत्रिणी हेच करायच्या आणि एकमेकींनाही तेच सांगायच्या. मी विजेची काळजी केली होती, अस्वलाची केली होती, रस्ता चुकण्याची केली होती. माझ्या आईला लघवीला कुठे जायचं हे मात्र मी तिला विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही. "आई, अगं इथे सगळे झाडामागेच जातात. तशी रीतच आहे. वाटेपासून आणि ओढ्यापासून लांब जायचं, कागद पिशवीत घालून परत न्यायचा. बस्स."

"उघड्यावर?" आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि कुणी आलं म्हणजे?"

तेवढ्यात लांबून नवरा म्हणाला, "आई, माझ्या सॅकमध्ये चादर आहे."

म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं. पण त्या क्षणी मला त्याच्याइतकं आवडणारं माणूस जगात दुसरं नव्हतं. आम्ही तिघी जणी वाट सोडून आत गेलो, दोन गर्द झाडांच्या मागे. एक टोक मी धरलं, दुसरं मुलीनं. लग्नात अंतरपाट धरतात तशी आमच्या दोघींच्या मध्ये ती फुलाफुलांची सोलापुरी चादर.

"मंगलाष्टकं म्हणू नका फक्त," चादरीमागून आवाज आला.

मी इतकी हसले की माझ्याकडचं टोक खाली आलं आणि मला आतून ओरडा खावा लागला. वाटेवर नवरा पहारा देत उभा होता. एक अमेरिकन जोडपं वर चाललं होतं, त्यांनी झाडीतली फुलं-फुलं चादर पाहून काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना. "येस, येस, स्मॉल फॅमिली सेरेमनी," असं त्यानं त्यांना सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं आणि ते पुढे गेले.

बाहेर आलेली आई वेगळीच बाई होती. तिनं हात पुसले, केस नीट केले आणि म्हणाली, "आण ती बाटली." लिंबू, मीठ, साखर घालून नवऱ्यानं पाणी केलं, ते ती घोट घोट करत बाटलीभर प्यायली. चादर मग तिच्या मूळ कामाला लागली. तिच्यावर बसून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मी घाई केली नाही. नियम अजून लागू होता, पाणी पिऊनही डोकं दुखायचं थांबलं नाही तर खालीच जायचं. मी तिला सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं, उगाच चार प्रश्न विचारले. "प्रश्न सोपे आहेत," आई म्हणाली, "भूगोलाचे विचार." चांगला पाऊण तास गेला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, डोकं दुखायचं पूर्ण थांबलं, आणि तिनं आपणहून दुसरी बाटली उघडली.

"गो?" मुलीनं मला विचारलं.

"गो," मी म्हटलं.

आम्ही अगदी सावकाश निघालो. वृक्षरेषा मागे पडली. आता नुसतं खुरटं गवत, दगड आणि आभाळ. शेवटी दगडधोंड्यांचा एक मोठा बांध आडवा आला. "हा हिमोढ," आई धापा टाकत म्हणाली, "बर्फानं ढकलत आणलेला राडारोडा." त्याच्यावर चढून आम्ही वर आलो, आणि पलीकडे ते होतं. तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांची भिंत, कड्यांच्या सावलीत साचलेला जुना बर्फ, आणि खुर्चीच्या जागी तळं. निळा खडू पाण्यात कालवल्यासारखं.

आई एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे बघत राहिली. मग हातातली काठी उचलून हवेत भिंतीची रेघ गिरवत म्हणाली, "मी चुकत होते गं. मी मागची भिंत अशी तिरकी काढायचे. ही तर केवढी सरळ आहे. इतक्या पोरांनी माझी चुकीची आकृती काढून मार्क मिळवले." आणि ती हसली. पोटभर, पदराची सवय असलेला हात तोंडाशी नेऊन हसली.

तळं खाली, वीसेक मिनिटांच्या उतारावर होतं. तिला त्या पाण्यात हात बुडवायचा होता, हे मला माहीत होतं. घड्याळात बारा वाजत आले होते. "आई, जाऊ या पटकन," मी म्हटलं. "इतकं जवळ आलोय. अर्ध्या तासानं काय बिघडतं?" नियम करणारी मीच, आणि मोडायलाही मीच निघाले होते. खरं तर मला ते पाणी तिच्या हाताला लागायला हवं होतं.

आईनं पश्चिमेकडे बोट केलं. कड्याच्या मागून एक पांढरा ढग डोकं वर काढत होता, खालून काळसर. "घंटा झाली," ती म्हणाली. "घंटा झाली की तास संपवायचा. नाहीतर पोरांना बाई आवडत नाहीत." मग तिनं तळ्याकडे शेवटचं एकदा नीट पाहून घेतलं आणि वळली.

आम्ही दाट झाडांत पोचलो तेव्हा वर, त्या बांधाच्याच बाजूला, पहिला गडगडाट झाला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पाऊल उचललं. गाडीत बसलो आणि गारा सुरू झाल्या. परतीच्या रस्त्यावर तिनं पहिल्या गॅस स्टेशनला गाडी थांबवायला लावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "आता सोय आहे तर पिऊन घेते," असं म्हणत ती बाटली तोंडाला लावायची. चौथ्या थांब्याला नवरा म्हणाला, "आई, तुमची जुनीच सवय बरी होती." काकूंना फोन केला, तेव्हा त्यांचा दिवा अजून तेवत होता.

आई मिरजेला परत गेली. काही आठवड्यांनी तिच्या जुन्या शाळेनं तिला बोलावलं, हिमनदीवर मुलांशी बोलायला. एका शिक्षिकेनं काढलेला व्हिडिओ मला आला. तोच वर्ग, तोच फळा, समोर नवी मुलं-मुली. आई आकृती काढत होती, आणि मागची भिंत या वेळी तिनं अगदी सरळ उभी काढली. "मी आधी चुकीची काढायचे," तिनं मुलांना सांगितलं. मग खडू खाली ठेवून तिनं टेबलावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्या वर्गासमोर, सावकाश, पोटभर पाणी प्यायली.

त्या शाळेत मी दहा वर्षं शिकले. आईला तिथे पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते.